उमाठे सरांची कडक ओळ

उमाठे सर माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलले ते 'ओठ वर करा' असं होतं. मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. जबलपूरच्या आमच्या कॉलेजात दातांच्या खात्याला एक फोटोग्राफर-कम-चित्रकार हवा होता, आणि मी दोन्ही कामं सारखीच वाईट करत असल्यामुळे ती जाहिरात माझ्यासाठीच काढली आहे अशी माझी खात्री होती. टेबलापलीकडे तिघं बसले होते. दोघांनी माझी सर्टिफिकिटं चाळली. तिसरे उठून माझ्याजवळ आले, खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला आणि ते वाक्य म्हणाले. मी ओठ वर केला. आत बराच वेळ डोकावून त्यांनी निकाल दिला, "खालच्या हिरडीला सूज आहे. ब्रश फार जोरात घासून राहिले तुम्ही. घ्या यांना." सुजेचा आणि नोकरीचा काय संबंध होता ते मी रिटायर होईपर्यंत मला कळलं नाही.

सर मूळ वर्ध्याकडचे. वडील रेल्वेत, म्हणून जन्म जबलपूरचा. राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि जबलपूर इकडे राहिलं, तेव्हा पुष्कळ मराठी घरांनी सामान बांधलं. राहिले ते रेल्वेवाले, फॅक्टरीवाले आणि ज्यांना सामान बांधायचा कंटाळा होता ते. सरांना कोणी विचारलं की तुम्ही काहून नाही गेले नागपूरला, तर ते म्हणत, "माकडं इकडे जास्त आहेत." हे म्हणताना ते खिडकीतून झाडांकडे पाहत, पण बोट ऑफिसच्या इमारतीकडे दाखवत.

त्यांना चेहरे लक्षात राहत नसत, हिरड्या राहत. सदरच्या बाजारात एकदा मी बायकोबरोबर चाट खात उभा होतो. सर सायकलवरून उतरले, बायकोकडे पाहून म्हणाले, "मागच्या वर्षी दाढ काढली होती ना तुम्ही, डावीकडली?" तिचं नाव त्यांनी त्याआधी चारदा विचारलं होतं आणि त्यानंतरही विचारलं. लग्नाच्या पंगतीत यजमान आग्रह करायला आला की सर पानाऐवजी त्याच्या तोंडात पाहत, आणि मग यजमान पुढच्या पानाकडे जरा लवकर सरकत असे. जंतूंना ते 'किरायेदार' म्हणत. "भाडं देत नाहीत, घर सोडत नाहीत आणि भिंत पाडतात. घरमालकाला सर्वात शेवटी समजते." स्वतःचे दात मात्र त्यांनी कोणाला दाखवले नव्हते, कारण ते हसत नसत.

खरं बोलण्याची त्यांना खोड होती. सवय म्हणावी इतकी ती सुखाची नव्हती. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले होते. मुलीचे वडील फॅक्टरीत फोरमन, सरळ माणूस. पोहे झाले, चहा झाला, मुलीनं स्वेटरचा नमुना दाखवला. फोरमन हात जोडून म्हणाले, "मग जी, आमची पोरगी पसंत आहे ना?" सर म्हणाले, "पोरगी उत्तम आहे. तिच्या हिरड्या तर पुस्तकात छापण्यासारख्या आहेत. आमच्या पोराच्या मात्र खराब आहेत. चाळिशीत बत्तिशी जाईल. तुम्ही विचार करा." फोरमनसाहेबांनी विचार केला. पुतण्या सरांशी पुढे बोलला नाही, आणि त्याच्या तोंडाला वास येतो ही बातमी राइट टाउनपासून घमापूरपर्यंत प्रत्येक मराठी घरात पोचली.

अशा माणसाला सरकारी कॉलेजात बढती मिळणं अवघडच. सर रीडर म्हणून लागले आणि रीडर म्हणूनच पिकत चालले होते. मग दिल्लीहून त्यांना माकडांच्या हिरड्यांवर काम करायची मंजुरी आली. प्राचार्य चौबेजींनी पेढे वाटले. हा प्रयोग नीट पार पडला की उमाठेजी प्रोफेसर, असं त्यांनी पेढ्याबरोबरच जाहीर केलं.

माकडंच का, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, "माणसाची हिरडी सडायला वीस वर्षं लागतात. तेवढ्यात माणसाची बदली होते." माकडाची बत्तिशी आपल्यासारखी, दाढा तेवढ्याच, आणि तोंडातले जंतूही आपल्याच भाऊबंदातले. दाढेच्या मुळाशी रेशमाचा दोरा बांधला की तिथे जंतूंचा थर धरतो आणि माणसाला वर्षानुवर्षं लागणारा आजार माकडाला काही महिन्यांत होतो. सरांनी पिंजऱ्यांच्या दोन ओळी केल्या. दोरा दोन्ही ओळींना. पण एका ओळीला खायला मऊ, चिकट, गोड: दलिया, दुधात भिजवलेली डबलरोटी, गूळ. दुसऱ्या ओळीला कडक: कोरडे चणे, कच्ची गाजरं, मुळे. कडक चावून खाल्लं तर थर घासून निघतो का आणि हिरडी वाचते का, एवढाच प्रश्न. हिरडीची खोली मोजायच्या बारीक सळया परदेशातून यायच्या होत्या. त्या खरेदी विभागात अडकल्या, म्हणून सरांनी सराफ्यातल्या एका सोनाराकडून चांदीच्या करून घेतल्या. सोनारानं भक्तिभावानं विचारलं होतं, "किस भगवान के लिए हैं, डॉक्टर साहब?" सर म्हणाले, "किरायेदारों के लिए."

प्रयोगाचा शेवटही ठरलेला होता. दोन्ही ओळींना भूल देऊन कायमचं झोपवायचं आणि जबड्यांचे पातळ काप करून काचेवर घ्यायचे, कारण आतलं हाड किती झिजलं ते जिवंत तोंडात दिसत नाही. मला ते ऐकून कसंसंच झालं. सरांना झालं नाही, निदान दिसलं तरी नाही. "फुकटात काही समजत नाही, पेंटरबाबू. किंमत द्या लागते. फक्त जे समजलं ते खरं पाहिजे." माकडांना त्यांनी नावं देऊ दिली नाहीत. कडक तीन, मऊ पाच, असंच. पण बोलत मात्र अदबीनं. "कडक तीन, तोंड उघडा तुम्ही." ऑफिसातल्या बाबूंना ते 'अरे' म्हणत.

पिंजऱ्यांवर लावायला त्यांनी माझ्याकडून एक बोर्ड रंगवून घेतला: 'ये पशु हैं, देवता नहीं। कृपया कुछ न खिलाएँ।' आयुष्यातली सगळ्यात सुबक अक्षरं मी त्या बोर्डावर काढली. ती कोणी वाचली असतील असं पुढे दिसलं नाही.

काही महिने गेले. मी दर आठवड्याला हिरड्यांचे रंगीत फोटो काढत होतो. ज्यांनी माकडाच्या ओठाखालचा फोटो काढला नाही त्यांना लग्नातले फोटो अवघड वाटतात. मऊ ओळीच्या हिरड्या सुजल्या, ते अपेक्षितच होतं. पण कडक ओळीच्या त्याहून जास्त सुजल्या. लाल, फुगलेल्या, सळई लावली की रक्त. थर असा की नखानं निघावा. सरांना आधी ते पटलं नाही. त्यांनी सळया पुन्हा तपासल्या, चणे स्वतः चावून पाहिले, माझे फोटो उलटे तर लागले नाहीत ना ते पाहिलं. मग एके सकाळी ते माझ्या डार्करूमचं दार धाडकन उघडून आत आले, माझा अख्खा रोल वाया घालवला आणि म्हणाले, "पुस्तकं चुकीची आहेत! सगळी! कडक खाल्ल्यानं हिरडी बिघडून राहिली आहे!" आणि हसले. तेव्हा मला कळलं की सरांचे दात फार छान होते.

तो आठवडा ते हसतच होते. चौबेजी दिल्लीला फोन लावत होते. दुनियेची पुस्तकं जबलपुरात बदलणार होती.

सर दर मंगळवारी सकाळभर पलीकडच्या इमारतीत शिकवायला जात. त्या मंगळवारी पोरांनी संप केला. कशासाठी ते पोरांनाही नीट माहीत नव्हतं. सर मोकळे झाले आणि मला म्हणाले, चला, कडक ओळीचे दोन फोटो घेऊ. आम्ही माकडघराच्या मागच्या दारानं आत गेलो.

कडक ओळीपुढे रांग लागली होती. धक्काबुक्की नाही, आवाज नाही, रेशनच्या दुकानात कधी दिसत नाही अशी शिस्तीची रांग. मंगळवार म्हणजे इकडे बजरंगबलीचा वार. सगळ्यात पुढे स्टोअरचे तिवारीजी, हातात बुंदीचा द्रोण. त्यांच्यामागे चौकीदाराची बायको, पदरात गूळ आणि लाह्या. मग टायपिस्ट मिस डिसूझा, केळी घेऊन. तिचा बजरंगबलीशी काही संबंध नव्हता, तिला नुसती दया आली होती. मग खात्यात दात दाखवायला आलेले दोन पेशंट. आणि सगळ्यात शेवटी, स्टीलच्या डब्यात साजूक तुपातला शिरा घेऊन, डोक्यावर पदर, मालतीबाई. सरांच्या पत्नी. मऊ ओळीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना सरकारकडून गोड मिळतच होतं.

सर रांगेच्या शेवटी गेले. मग म्हणाले, "तू इथं काय करून राहिली?"

"मंगळवार आहे," मालतीबाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना कोरडे चणे काहून देऊन राहिले? समोरच्यांना दलिया, गूळ, आणि यांना वाळले चणे! पाहवत नाही जी."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून. दर मंगळवारी. चमचाभरच देते. मी एकटी किती देणार?"

"एकटी?" सरांनी रांगेवरून हात फिरवला. तिवारीजींनी बुंदी पाठीमागे नेली. "सर, मैं तो बस दो दाने देता था. सोचा, अकेला मैं ही दे रहा हूँ, क्या फ़र्क पड़ेगा." चौकीदारीण म्हणाली तीही एकटीच देत होती. मिस डिसूझाही एकटीच. इतकी एकटी माणसं मी एका जागी कधी पाहिली नाहीत. मंगळवार तर मंगळवार, शनिवारीही दिलं जात होतं, आणि तिवारीजींना उपासाच्या दिवशी पुण्य जास्त लागतं म्हणून एकादशीलाही. मी कधी काही दिलं नव्हतं. त्यात तत्त्व वगैरे काही नाही, माझ्या हातून कोणाला काही सुटतच नाही. तोपर्यंत कडक तीननं मालतीबाईंच्या डब्यात जाळीतून हात घातला होता आणि शिरा दाढेखाली नीट बसवून घेत होतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी चांदीची सळई काढली, कडक तीनला तोंड उघडा म्हणाले आणि दाढेजवळचा शिरा काढून पाहिला. मग मला म्हणाले, "पुस्तकं बरोबर आहेत."

चौबेजींना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत जरा पुढे झाले आणि त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. "देखिए उमाठेजी, नतीजा तो नतीजा है. कौन पूछने वाला है कि बंदर ने मंगलवार को क्या खाया?"

"मैं पूछूँगा," सर म्हणाले.

"अरे भाई, तो कडक वाले चार-छह बीमार दिखा के हटा दीजिए. बाक़ी से काम चल जाएगा. प्रोफेसरी घर आ रही है, आप दरवाज़ा बंद कर रहे हैं."

"बाकीच्यांनीही शिराच खाल्ला आहे," सर म्हणाले. ते मराठीत म्हणाले, पण चौबेजींना समजलं. इतक्या वर्षांत त्यांना सरांचा नकार कुठल्याही भाषेत ओळखू यायला लागला होता.

दिल्लीची समिती आली. समोसे आले. सरांनी उभं राहून इंग्रजीत सगळं सांगितलं. बुंदी आणि शिऱ्याला इंग्रजी शब्द न सुचल्यामुळे तेवढे दोन शब्द हिंदीत आले आणि सगळ्यांना नेमके तेवढेच ऐकू गेले. "माझ्या खात्यानं दुसऱ्या ओळीला गोड खाऊ घातलं. माझ्या पत्नीनंही. माझं लक्ष नव्हतं. या प्रयोगातून काहीही सिद्ध होत नाही." समितीतले एक गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला. प्रोफेसरची जागा वर्षभरानं दुसऱ्या एका विद्वानांना मिळाली. त्यांचं संशोधन कागदावरच होतं, त्यामुळे त्याला कोणी काही खाऊ घालू शकलं नाही.

मालतीबाई त्या दिवसांत खात्यात आल्या होत्या. डोळे सुजलेले. माझ्यासमोरच सरांना म्हणाल्या, "माझ्यानं झालं हे सगळं." सर टेबलावरचे फोटो लावत होते. म्हणाले, "तू एकटीच असती तर मी हिशेबात धरून घेतलं असतं. तिवारीचं काय करू?" नवऱ्यानं बायकोला इतक्या कोरड्या शब्दांत इतकं मोठं माफ केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि मग ऑफिसचा हुकूम आला. मंजुरी संपली, खाण्याचा पैसा संपला, तरी नियमाप्रमाणे महिनाअखेर जनावरं निकाली काढावीत. चौबेजींनी वरून सुचवलं की जबड्यांचे काप घेऊन ठेवा, कपाटात शोभतील.

सर हुकूम वाचून माकडघरात गेले. मीही गेलो. दोन्ही ओळींच्या दाढांचे दोरे त्यांनी आधीच सोडून टाकले होते आणि रोज सगळ्यांचे दात स्वच्छ करत होते, त्यामुळे हिरड्या बसत आल्या होत्या. "उत्तर मिळत असतं तर मीच सुई दिली असती," ते म्हणाले. "आनंदानं नाही, पण दिली असती. आता कापून काय पाहू, पेंटरबाबू? प्रश्नच मेला. त्याच्यासोबत यांनी काहून मरावं?" या माणसाची मी मनातल्या मनात पुष्कळ टवाळी केली होती. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं आणि तितकाच अभिमानही वाटला, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

महिनाअखेर जवळ येत होती. सर सायकलवरून दारोदार हिंडले. जंगल खात्यानं सांगितलं की जंगलातून माकड बाहेर न्यायचा अर्ज आहे, आत न्यायचा नाही. दुसऱ्या एका खात्याला माकडं हवी होती, पण औषधाचं विष चाखवायला. शेवटी कोणीतरी भेडाघाटच्या रस्त्यावरच्या साधूंच्या एका आखाड्याचं नाव सुचवलं. मोठा बगीचा, उंच भिंती, चिंचेची जुनी झाडं, आणि पोटभर खाणारी दहा-बारा माकडं आधीपासूनच राहत होती. सर मला घेऊन तिथे गेले.

महंतजी गोड माणूस. त्यांनी आम्हाला ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जगह है. भेज दीजिए. पर हमने सुना है डॉक्टर साहब, आपने वहाँ बोर्ड लगवाया था. देवता नहीं, पशु हैं."

"जी. लगवाया था."

"तो बस इतना कीजिए. मंगलवार को भीड़ रहती है. सबके सामने माइक पर कह दीजिए कि बजरंगबली ने आपका प्रयोग रोककर अपनी सेना को बचा लिया, और आपकी आँखें खुल गईं. उसके बाद पिंजरे खोल देंगे."

सरांनी ताक संपवलं. "सोचके बताता हूँ," म्हणाले. परतताना ऑटोत ते सदर येईपर्यंत ड्रायव्हरला ब्रश कसा धरावा ते समजावत होते. मला वाटलं, संपलं. ज्या माणसानं सख्ख्या पुतण्याच्या हिरड्या झाकल्या नाहीत, प्रोफेसरीसाठी चार माकडं आजारी दाखवली नाहीत, तो माईकवर हे कसं म्हणेल? घराशी उतरताना त्यांनी मला विचारलं, "टेम्पो कुठं मिळते भाड्यानं?"

त्याच उन्हाळ्यात सर मुदतीआधी नोकरी सोडून मुलीकडे नागपूरला गेले, आणि पुढे त्यांची-माझी भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या मंगळवारी. टेम्पो बगीच्याच्या फाटकाला पाठ लावून उभा होता, आत पिंजरे. चबुतऱ्यासमोर दोनेकशे माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही गोड. मालतीबाई पहिल्या रांगेत, त्यांच्याशेजारी मी. महंतजींनी सरांच्या कपाळावर शेंदराचा हा एवढा टिळा लावला होता आणि इस्त्रीच्या शर्टावर त्याचा थोडा रंग सांडला होता. सर चबुतऱ्यावर चढले, माईकसमोर उभे राहिले आणि डोळे खाली घालून, हलक्या आवाजात ठरलेलं सगळं म्हणाले. बजरंगबलीनं प्रयोग थांबवला, सेना वाचवली, माझे डोळे उघडले. शब्द चुकला नाही. सांगायचं संपवून त्यांनी मान वर केली.

गर्दीतून काहीच आवाज आला नाही. लोक वाट पाहत होते. माईक बंद होता.

पुजाऱ्यानं धावत जाऊन वायर हलवली, भोंगा खरखरला. महंतजी म्हणाले, "डॉक्टर साहब, एक बार फिर से." एकदा म्हणून झालं, अट पुरी झाली, असा वाद सरांना सहज घालता आला असता. वाद घालण्यात ते कोणाला हार जात नसत. ते बोललेलं फक्त महंतजींनी, मालतीबाईंनी आणि मी ऐकलं होतं, आणि त्यातले मालतीबाई आणि मी तर ते विसरायलाही तयार होतो. टेम्पोतल्या पिंजऱ्यांना अजून कुलपं होती. सरांनी तिकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणाले, या वेळी जास्त मोठ्यानं.